एक वरच्या आकड्याची, एक खालच्या आकड्याची

ज्या घरात मुलगा डॉक्टर आहे आणि सुनेचं औषधांचं दुकान आहे, त्या घरातल्या म्हातारीला डोकेदुखीवर साधी गोळी मिळू नये, ही किमया आमच्याच घराने करून दाखवली. मुलगा म्हणाला, "आई, मी फक्त चिठ्ठी लिहितो. गोळी देणं आता माझं काम नाही." सूनबाई म्हणाली, "आई, मी लगेच देते. फक्त चिठ्ठी घेऊन या." चिठ्ठी आणायला परत मुलाकडे गेले तर तो जेवायला बसला होता, आणि जेवताना तो डॉक्टर नसतो. मी डोक्याला ओला रुमाल गुंडाळला आणि आडवी झाले.

आमच्या ह्यांच्या वेळी एवढी प्रगती झालेली नव्हती. तेव्हा दवाखान्याची एकच खोली. मध्ये लाकडी पार्टिशन आणि पार्टिशनला हात जाईल एवढी खिडकी. आतल्या बाजूला हे पेशंट तपासायचे, बाहेरच्या बाजूला औषधांच्या कपाटापाशी मी. हे आतून ओरडून सांगायचे, मी पुड्या बांधायची, बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवायची. कधीकधी मीच उलट ओरडायची, "अहो, ह्यांना परवाच दिलंय की हे!" आत क्षणभर शांतता. मग, "तुला कुणी विचारलंय?" आणि थोड्या वेळाने हळूच, "बरं, राहू दे. नको देऊ." आमच्याही चुका होत असतीलच. पण तेव्हा विचारायला कुणी येत नसे, त्यामुळे आम्ही दोघंही फार हुशार म्हणून ओळखले जायचो.

मग मुलगा डॉक्टर झाला. सूनबाई आली ती औषधशास्त्राची पदवी घेऊन. पार्टिशन गेलं, शेजारची खोली घेतली, तिथे काचेच्या फळ्यांचं झकास दुकान उभं राहिलं. दवाखाना आणि दुकान यांच्यामध्ये एक दार ठेवलं. वर आम्ही राहायचो, जिना रस्त्यावरून. पेशंट मुलाच्या खुर्चीतून उठला की त्या दारातून थेट सुनेच्या काउंटरला लागायचा. गैरसोय अशी कुणाचीच नव्हती. फक्त लोक म्हणायला लागले, की डॉक्टरला रोग दिसत नाही, बायकोच्या फळीवर काय पडून आहे ते दिसतं. हे ऐकून आमचे चिरंजीव लालबुंद व्हायचे. अगदीच खोटं असतं तर एवढे झाले नसते.

आणि मग तो नियम आला. डॉक्टरने तपासायचं आणि लिहायचं. औषध दुकानदाराने तपासून द्यायचं. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. दवाखान्यातून दुकानात जाणारं दार चालणार नाही. पेशंटने चिठ्ठी घेऊन रस्त्यावर यायचं आणि वाटेल त्या दुकानात जायचं. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, नियम चांगला आहे. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसऱ्याच्या नजरेत यावं, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही खिडकीतून ओरडून जे करायचो तेच, पण शिकलेल्या माणसांनी, न ओरडता.

पण नियम आमच्या घरात शिरला तो जिन्यावरून वर आला आणि थेट जेवायला बसला.

मुलगा डॉक्टरांच्या संघटनेचा सचिव होता. सूनबाई औषधवाल्यांच्या संघटनेत बोलायची, आणि ती बोलायला लागली की माइकसुद्धा सरळ उभा राहायचा. दोघांनी नियमाचं जोरदार स्वागत केलं. तो म्हणाला, "आता तरी औषध कुठलं हे कुणी मला शिकवणार नाही." ती म्हणाली, "आता तरी चुकीची चिठ्ठी मला निमूटपणे चालवून घ्यावी लागणार नाही." तो म्हणाला, "चुकीची म्हणजे?" मग जेवण गार झालं. पुढे पुढे तर आमटीत मीठ कमी आहे असं त्याने म्हटलं की ती विचारायची, "हे निदान आहे की मागणी?" मी मधे बसून मुकाट्याने मीठ घालून घ्यायची. मला कुठल्याच संघटनेने घेतलेलं नव्हतं.

एके दिवशी गवंडी आला आणि त्याने मधलं दार विटांनी बुजवलं. गिलावा झाला, वर रंग झाला. रंग काही बाकीच्या भिंतीशी जुळला नाही, त्यामुळे दार गेलं तरी दाराचा आकार तेवढा राहिला. गवंड्याने मला विचारलं, "आजी, भांडण झालं का घरात?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, सुधारणा झाली."

आता माझं बीपी. एका सकाळी मुलगा सहज म्हणून माझ्या दंडाला पट्टा बांधून बसला, आणि त्याचा चेहरा उतरला. "आई, वाढलंय गं. गोळी सुरू करायला हवी." मी म्हटलं, "लिही मग चिठ्ठी." मग खालच्या आवाजात त्याने जे सांगितलं ते असं. चिठ्ठी लिहून बायकोच्या दुकानात पाठवली तर लोक म्हणणार, घरच्या घरी धंदा चालूच आहे. दुसऱ्या दुकानात पाठवली तर बायको म्हणणार, माझ्यावर विश्वास नाही. तेव्हा तो खाली गेला, टेबलाच्या खणात कंपन्यांचे लोक सॅम्पल ठेवून जातात त्यातली पाकिटं घेऊन आला, आणि माझ्या मुठीत कोंबली. पांढरी, गोल गोळी. "रोज सकाळी एक. आणि आई, हिला बोलू नकोस हं. मी स्वतःच्या हाताने औषध देतोय हे कळलं तर माझी धडगत नाही."

दुपारी मी दुकानात जाऊन बसले होते. तिथे पंख्याचा वारा चांगला लागतो. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सूनबाईने तिच्याकडचं यंत्र काढून माझ्या दंडाला लावलं, आणि तिचाही चेहरा उतरला. "अगंबाई, आई! आणि ह्याचं लक्षच नाही? लोकांचं बीपी बघत फिरतो!" मी काहीतरी बोलणार होते. पण मुलाला शब्द दिला होता. मी म्हटलं, "त्याला सांग ना." तर ती म्हणाली, "मी कशी सांगू? परवाच केवढं वाजलं आमचं. मी निदान करायचं नाही म्हणे, माझ्या हद्दीत राहायचं." तिने इकडे तिकडे पाहिलं, फळीवरून एक पाकीट काढलं आणि माझ्या चश्म्याच्या घरात सरकवलं. गुलाबी, लांबट गोळी. "रोज एक घ्या. ह्याला कळू देऊ नका. चिठ्ठीशिवाय औषध दिलं म्हणून माझंच नाव खराब व्हायचं."

इतकी वर्षं औषधांच्या कपाटाशेजारी काढलेली बाई मी. मी काय करायला हवं होतं, हे तुम्ही मला सांगू नका. मीही विचार केलाच. बीपीला दोन आकडे असतात, एक वरचा, एक खालचा. गोळ्याही दोन, रंग वेगळे, आकार वेगळे, पाकिटावरची नावं वेगळी. म्हणजे मुलाने दिली ती वरच्या आकड्याची, सुनेने दिली ती खालच्या आकड्याची. इतकं स्वच्छ होतं ते! दोघंही शिकलेले, दोघांनाही माझी काळजी, उगाच एका गोळीला नाही म्हणून कुणाचं मन का मोडायचं? मी दोन्ही घेतल्या, रोज, एकाच पाण्याबरोबर.

थोड्याच दिवसांत मुलाने पट्टा बांधला आणि खूश झाला. "बघ, माझ्या गोळीने कसं आलं जागेवर!" त्याच दुपारी सूनबाईने यंत्र लावलं आणि माझ्या कानात म्हणाली, "बघितलंत? ह्याच्यावर राहिला असतात तर बसला असतात!" मी दोघांनाही शाबासकी दिली. घरात इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, आणि गंमत म्हणजे दोघांनाही तो एकमेकांपासून लपवायचा होता.

मग मला जमीन हलताना दिसायला लागली. खाटेवरून उठले की डोळ्यांपुढे काळं यायचं, न्हाणीघरात जाताना भिंत धरावी लागायची. मुलगा म्हणाला, "वय झालं आई, हळू उठत जा." सूनबाई म्हणाली, "तुम्ही पाणी कमी पिता." दोघांनी बीपी परत बघितलं नाही. जे एकदा आपल्या हाताने बरं केलंय, ते कोण पुन्हा उघडून बघतो?

अशातच पाहणीचा दिवस आला. औषध खात्याचे साहेब गावोगाव हिंडून नियम कुठे पाळला जातो ते बघत होते, आणि त्यांना आमची जागा आदर्श वाटली होती. एकाच घरात डॉक्टर आणि औषधवाली, आणि मधे भिंत! याहून उत्तम चित्र कुठे मिळणार? डॉक्टरांच्या संघटनेच्या अध्यक्षबाई आल्या, त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. फोटोवाला आला. मला चांगली साडी नेसवून दुकानात त्या बुजवलेल्या दारापाशी खुर्चीवर बसवलं. मी म्हणजे जुना काळ.

मुलगा रस्त्यावरच्या पायरीवर उभा राहून चार शब्द बोलला. "माझ्या हातून आज एक गोळीही बाहेर जात नाही," तो म्हणाला. टाळ्या झाल्या. मग सूनबाई बोलली. "आणि माझ्या हातून चिठ्ठीशिवाय एक गोळीही जात नाही." पुन्हा टाळ्या. दोन्ही पाकिटं माझ्या चश्म्याच्या घरात होती आणि चश्म्याचं घर माझ्या मांडीवर होतं. मी पण टाळ्या वाजवल्या. मुलगा मॅडमना दवाखाना दाखवायला पलीकडे गेला.

इकडे साहेब मला म्हणाले, "आजी, उठा जरा. भिंतीला हात लावून उभ्या राहा. छान फोटो येईल." मी पटकन उठले. भिंत बाजूला सरकली, फोटोवाला वर गेला, आणि मी खाली.

सूनबाई किंचाळली, "आई!" पलीकडून मुलाने ऐकलं असणार, कारण मला भिंतीतून धप्प असा आवाज आला. तो सवयीने त्या दाराकडे धावला होता. दार तिथे नव्हतं. मग त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला, रस्त्यावर गेला, वळला आणि दुकानाच्या पायऱ्या चढून आला. केवढा लांबचा रस्ता झाला होता तो. मला जमिनीवर पडल्या पडल्या त्याच्यासाठी वाईट वाटलं.

मॅडम त्याच्या मागोमाग आल्या आणि माझ्याजवळ गुडघ्यावर बसल्या. पट्टा बांधला, आकडा बघितला, परत बघितला. "बीपी फारच खाली गेलंय. पाय वर धरा त्यांचे. औषधं कुठली चालू आहेत?"

मी डोळे मिटून पडले होते, पण कान शाबूत होते. मी वाट बघत होते. माझा मुलगा आता बोलेल. तो डॉक्टर आहे, त्याला माहीत आहे हे विचारतात कशासाठी. समोर साहेब उभे, फोटोवाल्याचा कॅमेरा उघडा.

"काही नाही," माझा मुलगा म्हणाला. "तिला काही चालू नाही."

"तुमच्याकडून काही नेलं होतं का?" मॅडमनी सुनेला विचारलं.

"नाही. काहीच नाही," सूनबाई म्हणाली.

"मग हे नुसतं चक्कर येणं नसेल," मॅडम म्हणाल्या. "हृदयाचं काही असू शकतं. मोठ्या दवाखान्यात हलवायला लागेल, आणि तिथेही पहिल्यापासून शोधावं लागेल." त्यांनी दोघांकडे पुन्हा पाहिलं असावं. "नक्की ना?"

कुणी काही बोललं नाही. मला पडल्याचा मार लागला होता, कोपर सोललं होतं, पण त्या शांततेइतकं दुसरं काही लागलं नाही. ह्यांच्या काळी आत शांतता व्हायची ती विचार करण्यापुरती. ही तशी नव्हती. मी मेले तरी चालेल, पण टाळ्या परत जाऊ नयेत, अशी ती होती. मला फार राग आला. आणि रागापेक्षा जास्त, रडू आलं.

मी डोळे उघडले, चश्म्याचं घर चाचपडून शोधलं आणि उघडलं. "मीच घेतल्या," मी म्हटलं. "माझ्या मनाने. एक ह्याच्या खणातून काढली, एक हिच्या फळीवरून. त्यांना पत्ता नाही."

मॅडमनी पाकिटं उलटसुलट करून पाहिली. "अहो आजी, ही दोन्ही एकच औषध आहे! फक्त कंपनी वेगळी. तुम्ही रोज दुप्पट घेत होता!" त्यांनी मला तिथेच सलाईन लावायची व्यवस्था केली. मुलाने मॅडमच्या हातातली पाकिटं पाहिली, मग बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या क्षणाला दोघांना एकमेकांचं सगळं कळलं, आणि तरीही दोघं गप्प राहिले. एवढा एकोपा मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता.

साहेब मात्र खुलले. "हेच! अगदी हेच आपण लोकांना सांगतोय. डॉक्टर नियम पाळतो, दुकानदार नियम पाळतो, आणि पेशंट काय करतो? चोरून खातो!" त्यांनी फोटोवाल्याला खूण केली.

पंधरवड्याच्या आत त्याचं पोस्टर झालं. माझा फोटो, सलाईनसकट, आणि खाली ठळक अक्षरात, 'आपल्या मनाने औषधे घेऊ नका.' एक दवाखान्यात लागलं, एक दुकानात, बुजवलेल्या दाराच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून. येणारे जाणारे मला बघून माना हलवायला लागले. भाजीवाली म्हणाली, "मावशी, घरात एवढी शिकलेली माणसं, आणि तुम्ही असं करावं?" मी म्हटलं, "चुकलंच माझं."

मुलगा एका संध्याकाळी वर आला, पट्टा घेऊन. माझ्या खाटेवर बसला, बराच वेळ नळी गुंडाळत, उलगडत राहिला. "आई, तू खोटं का बोललीस?"

"तू खरं बोलला असतास तर मला बोलावं लागलं नसतं," मी म्हटलं. "मी वाट बघितली होती तुझी."

त्याने पट्टा उलगडून माझ्या दंडाकडे हात नेला, तशी मी हात मागे घेतला.

"हे बघ. माझं बीपी आता मॅडम बघतात. त्या चिठ्ठी देतात, आणि त्या पलीकडच्या चौकातल्या दुकानातून मी गोळी आणते. तिथला माणूस मला दर खेपेला विचारतो, आजी, आणखी काही घेता का? मी सांगते, नाही. काम विभागायचं ना? मीही विभागलं. डॉक्टर तिकडे, औषधवाला तिकडे. ह्या घरात मला मुलगा हवा आहे आणि सून हवी आहे. तेवढ्या जागा रिकाम्या आहेत. बघा जमतंय का."

तो पट्टा घेऊन खाली गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई वर आली, हातात गुंडाळलेलं पोस्टर, डोळे सुजलेले. ती कार्यालयात जाऊन साहेबांना सगळं सांगून आली होती. आधी स्वतःचं, मग नवऱ्याचंही. मी विचारलं, "मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, आता छापून झालंय. सगळीकडे वाटलंय. राहू द्या." ती माझ्या पायाशी बसली. "म्हणाले, आजींचा फोटो फारच चांगला आलाय." मला हसू आलं, आणि मग तिलाही आलं, आणि हसता हसता ती माझ्या मांडीत डोकं ठेवून रडली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. त्यासाठी कुणाच्या चिठ्ठीची गरज लागली नाही.

तिन्हीसांजेला मुलगा आला. पट्टा नव्हता. माझ्याजवळ बसला, आणि माझा हात हातात घेतला. मग माझ्या लक्षात आलं, की त्याची बोटं हळूहळू माझ्या मनगटाकडे सरकताहेत. सवय, दुसरं काय. त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

"नाडी सोड," मी म्हटलं. "हात धर."